मुक्काम तीन रात्री

दारावरच्या सागवानी फळीवर अजून वाचता येतं:
'यात्रेकरूंस मुक्काम तीन रात्री. चौथे दिवशी खोली सोडणे.
राख चौकात टाकू नये.'
खाली दगडात देणगी देणाऱ्या बाईचं नाव,
शके, आणि 'चिरंजीवाच्या स्मरणार्थ'.
चिरंजीवाचं नाव चुन्याखाली बुजलंय.

डॉक्टर विधात्यांना बारा खाटा हव्या होत्या,
बारा मशिनं, आणि माणशी दर खेपेला
सव्वाशे लिटर पाणी. गाळलेलं, क्षार काढलेलं.
"रामकुंडातलं नको हं," म्हणाले आणि स्वतःच हसले.
पुंजाजी रखवालदार हसला नाही.
त्यानं मला भिंतीवरची रेघ दाखवली,
एकोणसत्तरच्या पुराची, माझ्या छातीशी.
"दुतोंड्याच्या गळ्याशी पाणी आलं की
इथं खाटा तरंगतात, बाई. लिहून घ्या."
मी लिहून घेतलं.
विजेची सगळी बटणं रेघेच्या वर,
इतकी वर की ठेंगण्या नर्सला स्टूल लागतं.

फरशीला चौकाकडे उतार होता.
घडवणाऱ्याला पावसाचं भान होतं, मशिनचं कुठून असणार?
मशिन जरा कललं की कोकलायला लागतं.
ट्रस्टी म्हणाले, उखडा, टाइल्स टाका.
चौकमंडईच्या लतीफ मिस्त्रीनं काहीच म्हटलं नाही,
मोडक्या तुळईच्या तुकड्यांतून अठ्ठेचाळीस पाचरी कापल्या
आणि प्रत्येक पायाखाली एकेक सरकवली,
आजारी माणसाच्या मानेखाली उशी सरकवावी तशी.

भिंतींना सिमेंट मारू द्यायला मात्र तो तयार नव्हता.
चुना भिजत घातला, गूळ, बेलफळाचा गर.
तीन आठवडे वास.
"सिमेंट मारलं तर ओल आत कोंडते," तो म्हणाला,
"आणि पाणी आत कोंडलं की काय होतं
ते तुमच्या पेशंटांना विचारा."
डॉक्टर त्या दिवशी चहा न पिता गेले,
आणि दुसऱ्या दिवशी चुन्याच्या बिलावर सही करून आले.

राहिला उंबरा.
सहा इंची पाषाण, व्हीलचेअर अडणार.
कापायचा, असं मीच नकाशात लाल शाईनं लिहिलेलं,
आणि रात्री झोप आली नाही, हेही खरं.
सकाळी लतीफनं दोरी धरली,
मधोमध माप घेतलं, पुन्हा घेतलं.
कडेला सहा. मध्ये साडेतीन.
कुठकुठल्या गावांचे अनवाणी पाय
अडीच इंच आधीच कापून गेले होते.
आम्हाला उरलेलं तेवढं करायचं होतं.
छिन्नी लावताना त्यानं पायातल्या चपला काढल्या.
मीही काढल्या. का, ते बोललो नाही.

आता दिवे लावायच्या कोनाड्यांत मोबाइल चार्ज होतात.
बैल बांधायच्या कडीला कुणी डब्याची पिशवी अडकवतं.
सटाण्याचा निंबा अहिरे पहाटेची एसटी धरून येतो,
आठवड्यातून तीनदा, चार वर्षं.
फळी काढू नका, असं त्यानंच सांगितलं.
आत शिरताना रोज वाचतो मोठ्यानं,
"चौथे दिवशी खोली सोडणे,"
आणि नर्सला विचारतो, "आज कितवा?"
ती म्हणते, "पहिलाच."

यंत्रातून उरलेलं खारट पाणी
मी जुन्याच दगडी पन्हळीत सोडलंय,
पाय धुवायच्या.

परवा बिलं तपासायला गेले होते.
वऱ्हाडाकडचं एक म्हातारं जोडपं दारात, डोक्यावर बोचकं,
कुणाच्या तरी जुन्या पत्त्यावरून आलेलं.
"खोली मिळंल का?"
पुंजाजीनं आत बारा खाटांकडे पाहिलं,
मग त्यांच्या पायांकडे.
"खोली नाही राहिली, आजी.
पण पाय धुऊन घ्या."
आणि पन्हळीचं फडकं बाजूला केलं.