पावती क्रमांक एकशे चौदा

आमच्या दुकानात एक मशीन आहे,
हिरव्या रेक्झिनचं, कोपऱ्यांना पत्रा मारलेलं.
आत टेपचा एक गोल तुकडा फिरत राहतो,
बोललेलं तीनदा परत देतो,
दर खेपेला थोडं दमलेलं.

एकाहत्तरच्या फेब्रुवारीत, मिरजेत,
लक्ष्मी मार्केटच्या मागं
पाच इंग्रज गाडी ढकलत आले.
बापूंना वाटलं, मिशन हॉस्पिटल विचारतायत.
कंपाउंडर सॅम्युएल आवळे धावत आला दुभाष्या म्हणून.
ऐकून घेतलं, चष्मा पुसला, म्हणाला,
"आदगोंडा, हे लोक शनीवर गाणी करतात."
"शनीवर?" बापू म्हणाले. "मुद्दाम?"

त्यांच्यातल्या नॉर्मननं विडीबंडलाच्या कागदावर
गाव काढून दाखवलं:
गॅसचा कारखाना, गल्ली, चर्चमागची खोली.
एकोणसत्तरच्या थंडीत तिथं वाजवायला लागले.
शेजारी दोन्ही बाजूंनी भिंती बडवायचे,
तेव्हा ठरवलं, आवाज वर सोडायचा.
वर कुणी राहत नव्हतं.

शनिवार होता, बापूंनी मशीन उघडलं नाही.
पावती फाडली: नंबर एकशे चौदा,
'आवाज परत येत नाही', आठ दिवस.
तेवढ्यात त्यांनी शेजारी दिलावरचाचांकडून
एक तंबोरा घेतला, भाव न करता.
चाचांना तीन रात्री झोप आली नाही,
जास्त घेतले की कमी, या विचारानं.

गाडी गोव्याकडं गेली.
मशीन सहाव्या दिवशी बोलायला लागलं.

मग कार्डं यायची. वर्षाला एखादं.
रेकॉर्ड निघाली. दुसरी निघाली.
एका मैदानात रात्रभर वाजवलं, चिखलात लोक झोपून ऐकत होते.
ढोलवाला सोडून गेला, दुधाची गाडी चालवतो.
नवा आला, तो वेळेवर येतो, एवढंच.
त्र्याहत्तरला रेकॉर्डच आली, पोस्टानं, कोपरा दुमडलेली.
मागं आभारात बारीक अक्षरात: मिस्टर अडगोंडा, मिरज.
कुणाचा तरी ग्रामोफोन दुरुस्तीला आलेला होता,
त्यावर लावली, शटर अर्धं ओढून.

आधी नुसता वारा.
मग यान निघाल्यासारखं काहीतरी, लांब, लांब,
आणि त्याच्या बुडाशी चाचांचा तंबोरा.
चाचा कान लावून बसले होते.
संपल्यावर म्हणाले,
"खर्ज उतरलाय. जवारीपण गेली.
पाठवून द्या म्हणावं, लावून देतो की."

शहात्तरच्या पावसाळ्यात शेवटचं कार्ड.
मशीन ज्याचं, तो पेटीवाला गेला, झोपेतच.
बाकीच्यांनी आवरतं घेतलं.
नॉर्मन आता विम्याच्या ऑफिसात.
मशीन तुम्हीच ठेवा.
बापूंनी बोटांवर मोजलं,
थंडी ते पावसाळा: साडेसात वर्षं.
"सांगितलं होतं," म्हणाले, जरी सांगितलं नव्हतं,
आणि सॅम्युएलकडून उत्तर लिहून घेतलं:
पावती आणल्याशिवाय माल देता येत नाही.
ठेवून तर मुळीच घेता येत नाही.

आता दुकान मी बघते. फुटलेल्या स्क्रीन, फुगलेल्या बॅटऱ्या.
महिन्यातून एकदा मशीनला करंट देते,
नाहीतर आतले कंडेन्सर मरतात.
"हॅलो" म्हणते.
हॅलो, म्हणतं. हॅलो. …लो.

त्यांची मूळची टेप बापूंनी पहिल्याच दिवशी काढली,
काडेपेटीत ठेवली, वर लिहिलं ११४.
तीन सेकंदांची. त्यावर काय आहे माहीत नाही.
लावली तर एकदाच ऐकू येईल,
ऐकवता ऐकवता मशीन पुसत जातं,
त्याची घडणच तशी.
ज्या दिवशी लावीन, तो शनिवार नसेल, एवढं ठरलंय.

परवा चाचांचा नातू चहाला आला होता,
लाकडाचा भुसा अजून भुवईवर.
विचारत होता, "तो आपला तंबोरा कुठं असेल गं?"
मी म्हटलं, "कुठंही असू दे.
उतरलेला असेल."