थंड इंजिन

बोंदो आधी पाना उचलत नाही.
रात्रभर थंडावलेल्या डेलिकाचा
वरचा होज नुसता दाबून बघतो.

"टोपण दोनदा बदललं," नानुली सांगते,
"थर्मोस्टॅट झाला, पंप झाला.
घाट चढला की काटा लाल."

होज दगड.
मेस्तियात पहाटेचं बर्फ,
आणि कालचा दाब अजून उतरलेला नाही.

टोपण सैल होतं: फुस्स.
स्टार्टर. टाकीत बुडबुडे,
एकामागून एक, खाली जाळ नसताना.

"हे उकळणं नव्हे. सिलिंडरचा श्वास पाण्यात शिरतोय.
हेड गॅस्केट."

ती गप्प. वळणावळणाचा झरा तिला पाठ,
कुठे बाटली भरते, कुठे अख्खा कॅन.

"रविवारी वऱ्हाड आणायचंय," ती म्हणते.
बोंदो हात पुसत राहतो,
आधीच पुसलेले.