नमुना

नर्सनं सोल्वीच्या हातात छोटी डबी दिली,
वर नाव, तारीख. मग खोलीकडे बोट.
सोळा वर्षांचा पोरगा. कान लालबुंद.
आग लागल्यास काय करावं, ते भिंतीवरचं
मी दोनदा वाचून काढलं.

उद्यापासून केमो.
औषध निवडून मारत नाही, डॉक्टर म्हणाली,
आधीच राखून ठेवू.
हुसाविकहून सहा तास गाडीत आम्ही
हवामानावर बोललो, कॉडच्या भावावर,
याच्यावर नाही.

अर्जात एक प्रश्न होता :
रुग्ण न राहिल्यास नमुन्याचं काय करावं?
त्यानं पेन मागितलं.
'नष्ट करावा'वर खूण केली, पटकन,
जेवणात कांदा नको म्हणावं तशी.

आमच्या आइसलँडात आडनाव नसतं,
बापाचं नावच पोरांमागे लागतं.
मी हेल्गी, म्हणून तो हेल्गासोन.
तेवढंच दिलं मी त्याला.
आणि हे नाक.

पार्किंगमध्ये काचेवर बर्फ साचला होता.
पट्टा लावता लावता तो म्हणाला,
"सोल्वादोहतिर.
विचित्र वाटतं ना ऐकायला?"

मी वायपर सुरू केले.
म्हटलं, होते सवय.