गाळी

बसलिंगची चारचाकी टू-स्ट्रोक टेम्पोतनं उतरली
तेव्हा उद्यमबागेत दुपारच्या पाळीचा भोंगा होत होता.
जांबोटीच्या रिसॉर्टवर पाहुण्यांना फिरवून फिरवून
तिचा मूळचा कार्बोरेटर खिळखिळा झालेला,
म्हणून त्यानं तैवानचा मागवला होता, चपट्या स्लाइडचा.
खोक्यात थर्माकोल, थर्माकोलात कार्बोरेटर,
आणि कुठल्या गावच्या हवेसाठी, ते कुठंच लिहिलेलं नाही.

भरमामामा म्हणाले, जेट आधी मोठा घालायचा.
काळ्यातनं खाली यायचं, पांढऱ्यातनं वर जायचं नाही.
जास्त प्यालेलं इंजिन खोकतं तरी,
उपाशी असलं की बोलत नाही. धरतं.
एवढंच त्यांनी मला तोंडानं शिकवलं,
बाकी सगळं हातानं.

फाउंड्रीत तीस वर्षं ग्राइंडर धरून
त्यांच्या कानांतले बारीक आवाज गेले होते.
स्क्रू-ड्रायव्हरची मूठ दातांत, टोक सिलिंडरवर,
असे ते इंजिन हाडानं ऐकायचे.
हाडाला जे ऐकू येत नाही, ते माझ्याकडं.
मी तेव्हा आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला, फिटर.

एकशेपंचावन्न: खाली गुरगुर, वर अडखळत अडखळत.
एकशेपन्नास: प्लग ओला, काजळीचा.
सुईची क्लिप एक घर वर, हवेचा स्क्रू दीड फेरा.
बसलिंग उकिडवा बसून विचारायचा,
गाळी जास्ती आग्यादेन्री?
गाळी म्हणजे हवा, त्याच्यात.
आमच्यात गाळणीतनं जाते ती,
आणि मच्छेच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी गाळी म्हणजे शिवी.
तिन्ही त्या दिवशी गॅरेजात भरपूर होत्या.

एकशेपंचेचाळीस: कॉफी.
एकशेचाळीस: भाजलेल्या शेंगदाण्याचं टरफल.

पहाटे, पिरनवाडीच्या पुढं, रिकाम्या रस्त्यावर
पूर्ण थ्रॉटल देऊन मी ती सोडली.
माझ्या बोटाला इतक्या लगेच उत्तर
तोवर कुणी दिलं नव्हतं,
घरी नाही, कॉलेजात नाही.
आणि अगदी शेवटी, वरच्या टोकाला,
पत्र्याच्या डब्यात चार वाटाणे हलवावेत तसं काहीतरी.
तीन सेकंद. कदाचित दोन.

परत आल्यावर मामांनी विचारलं,
ऐकू यालंय काय गं, काय?
मी म्हटलं, न्हाई.

पंधरा दिवसांनी कुणी पाहुणा ती घेऊन
चोर्ल्याचा घाट उतरला, अश्व्याच्या वाळूत गेला.
खाली हवा जाड.
आमची अडीच हजार फुटांवरची, पातळ,
तिच्या मापानं आम्ही पेट्रोल मोजून दिलेलं.
पाहुणा सांगत होता, बंद पडायच्या आधी
ती इतकी झकास पळाली, की काय सांगू.

पिस्टन उघडला तर कडेला उभे ओरखडे,
ॲल्युमिनियम सिलिंडरला पुसलं गेलेलं.
मामा बराच वेळ बघत राहिले, मग बसलिंगला म्हणाले,
चूक माझी. घाट हिशेबात धरला नाही.
रिबोअरचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.
खरंच होतं ते. घाट धरला नव्हताच.
माझे वाटाणेही खरे होते.
त्या दिवशी मी टाकी धुतली, दोनदा.

तो पिस्टन अजून फळीवर आहे,
त्यात मामा किल्ल्या ठेवतात.

आता गाडी कुणाचीही येवो,
प्लग मी जरा काळाच ठेवते.
गिऱ्हाईक म्हणतं, धूर होतोय, ॲव्हरेज देत नाही.
मी म्हणते, असू दे.
आणि मामा, दातांतली मूठ काढून,
ऐकू यालंय काय गं?
मी म्हणते, व्हय. बारीक.
नसलं तरी.
ते माझ्याकडं एकदा बघतात,
निपाणीच्या तंबाखूची डबी उघडतात
आणि नखानं जेट उलटेपालटे करत
पुढचा नंबर शोधू लागतात.