चौथी प्रत

चौघींच्या घरची ऐपत मिळून एका गाईडची,
आणि विषय सात.
म्हणून टिमकीतल्या दुकानातून
निळ्या कार्बनचे कागद उधार आणले
आणि विषय वाटून घेतले:
नुसरतला विज्ञान, ज्योत्स्नाला चित्रकला आणि भूगोल,
कुंदाला मराठीचं व्याकरण,
इतिहास मला.
गणित कुणीच घेतलं नाही.

एकाखाली एक चार कागद, मधे तीन कार्बन.
पेन असं दाबायचं की बोटाला खड्डा पडायचा.
नियम नुसरतनं काढला:
जी लिहील तिनं सगळ्यात खालची प्रत घ्यायची.
"लिहिता लिहिता तुले पाठच होते न वं,
तुले कायले पायजे ठळक?"

नववी संपलेली, मे महिना.
कूलर फक्त ज्योत्स्नाकडे,
त्याच्यासमोरची जागा घड्याळ लावून पाळीपाळीनं.
वाळ्याचं पाणी उडालं ते नेमकं हृदयाच्या आकृतीवर;
डावी जवनिका तेव्हापासून फुगलेलीच आहे,
चारही प्रतींत नाही, फक्त वरच्या.

ज्योत्स्नानं लिहिलं:
सावली काळ्या रंगानं भरू नये.
सावलीतही शेजारच्या वस्तूचा उजेड परत येतो.
(याला किती मार्क, तिनं समासात विचारलंय.)

कुंदाची उदाहरणं पुस्तकातली नव्हती.
तिच्या मागच्या खोलीत माग चालू असायचा,
धोटा इकडून तिकडे, आणि ती त्याच तालावर लिहायची:
कुंदाने साडी विणली.
कुंदाने लुगडे विणले.
कुंदाने साड्या विणल्या.
खाली दोनदा रेघ: कर्मणी प्रयोग.
क्रियापद साडीप्रमाणे बदलते,
कुंदाप्रमाणे नाही.

आम्ही ते घोकलं. मार्कही मिळाले.
कुंदा दिवाळीनंतर शाळेत आली नाही.

मी इतिहास लिहिला तो गच्चीवर, रात्री,
हातपंख्यानं वारा घेत, उजव्या हातानं सनावळ्या.
सीताबर्डीची लढाई: सन १८७१.
आकडे पायाखालच्या मुंगीसारखे कधी सरकले, कळलं नाही.
मार्चमध्ये तिघींच्या पेपरात
भोसले आणि इंग्रज
चोपन्न वर्षं उशिरा लढले.
नुसरत चार महिने बोलली नाही माझ्याशी,
तो अर्धा मार्क गणितातल्या पस्तीसपेक्षा तिला जास्त लागला.

परवा माळ्यावरून ट्रंक उतरवली.
मुलगी दहावीत आहे, तिच्या नोट्स फोनमध्ये,
बोटानं वर ढकलते, की पुढचा धडा.
मी तिला विज्ञान दाखवलं: ठळक.
व्याकरण: ठळक.
इतिहास उघडला तर कागद जवळपास कोरा,
निळसर धूर, मधेच एखादी वेलांटी.
"हा कोणी लिहिला, आई?"
ओळखू आलं नाही तिला,
मलाही क्षणभर.

कुंदा मला मागच्या महिन्यात भेटली, गोळीबार चौकात,
हातात बॉबिनांची पिशवी, चष्म्याला दोरी.
पोहेवाल्याच्या बाकावर बसलो,
तर्री तिनं जास्तीची मागितली, पैसे मला देऊ दिले नाहीत.
इकडचं तिकडचं झालं.
मग म्हणाली,
"तुह्या इतिहासाची वरची प्रत माह्याकडेच हाये अजून.
त्यात तू एक्काहत्तर लिवलं होतं.
मले तवाच खटकलं. मास्तरले इचारलं,
खोडून सतरा केलं, लाल पेनानं."

मी म्हटलं, मग सांगितलं काहून नाही?

"सांगणार कवा?" कुंदा म्हणाली,
"म्या तं येनंच बंद केलं होतं न,"
आणि उरलेली तर्री
बशी तिरपी करून प्यायली.