दाते

शहापुरात, बाजाराच्या तोंडाशी
माझं कवळ्यांचं दुकान.
पाटीवर नुसता एक दात रंगवलाय,
तो कुठल्याही भाषेत वाचता येतो.

शनिवारी संध्याकाळी इमामहुसेन सनदी
मोडीच्या पोत्यातून माझ्यापुरतं तांबं
वेगळं काढून आणतो:
बंबाची तोटी, घुंगराचं पोट, चेपलेली पळी,
आणि त्यात एखादी शिवराई,
हिरवी, चिंचोक्यासारखी.
"घ्या डॉक्टर," म्हणतो.
मी डॉक्टर नाही, त्याचा भावही खरा नसतो.
चालतं आमचं.

चिंच लावायची नाही, हा पहिला नियम.
चिंचेनं तांबं उजळतं
आणि दोन-तीनशे वर्षं नळाखाली वाहून जातात.
गोडेतेलात महिनाभर निजवायचं,
मग बाभळीच्या काट्यानं, दात कोरावा तसं,
अक्षरांच्या बगलेतली माती काढायची.
श्री निघतो.
राजा निघतो, कान्याशिवाय.
शिव बहुतेक वेळा बाहेरच राहिलेला.

ठसा मोठा, चकती लहान.
त्रेचाळीस झाल्यात, एकीवरही नाव पुरतं नाही.
कधी रात्री शटर ओढून घेतल्यावर
तिघी-चौघींना शेजारी बसवतो,
हिचं छत्र, तिचं पति,
आणि सलग वाचून घेतो एकदा,
हळू आवाजात.

कंपनीची नाणी वेगळ्या डबीत.
तांब्याच्या पैशावर तराजू,
दोन्ही पारडी सारखी, जसं काही कधी
कुणी मापात मारलंच नाही.
रुपयाला तर कडेनं बारीक दाते,
चांदी कुणी खरवडू नये म्हणून.
धंद्याच्या सवयीनं एकदा मोजायला बसलो,
साठाच्या पुढं डोळा लागला.
एकही दाता वाकडा नाही. सुंदरच.
पण विचारावं असं काही
त्या रुपयाला मला सुचत नाही.

आणि ही सत्तावीस नंबरची शिवराई.
अर्धी कोरी.
हातोडा पडला तेव्हा पाडणारा
दुसरीकडं बघत होता.
दाराशी कोण आलं होतं?
भाकरी, मुकादम, की कुणाची सावली नुसती?
की दिवसातली चारशेवी चकती
आणि खांदा आतून म्हणाला, पुरे?
त्याचं नाव कुठल्याच बाजूला नाही.
त्याची नजर हलली, तेवढी मात्र
माझ्या डबीत आहे.

आपल्यात नाणीही पाडतात आणि दातही.
कडोलीच्या गंगव्वा हणबर यांचे
वरचे-खालचे सगळे पडलेले.
बोलल्या की शब्दांच्या कडा तुटायच्या,
कानडी कुठं संपली, मराठी कुठं लागली
कळायचं नाही.
मी मेणात माप घेता घेता
निम्मं ऐकायचो, निम्मं आपल्या मनानं भरायचो.
मुलीचं नाव त्या काय सांगत होत्या,
शांतव्वा की कांतव्वा,
शेवटपर्यंत विचारलं नाही.

परवा कवळी बसवली. आरसा पुढं केला.
त्यांनी तो पालथा ठेवला.
भिंगाखाली सत्तावीस होती,
ती उचलली,
आणि मी अहो अहो म्हणेस्तोवर
सराफानं मोहोर चावावी तशी चावली.

तांब्याला काही झालं नाही.
खालच्या पटाशीचा टवका उडाला.

"इरली बिडु," म्हणाल्या, आणि मग माझ्या तोंडाकडं बघून,
"असू दे की वो. नाणं खरं हाय."
दातांबद्दल काही बोलल्या नाहीत.

सोमवारी या म्हटलंय, पैसे घेणार नाही.
कोऱ्या बाजूवर थोडी थुंकी वाळली होती,
पुसायला फडकं घेतलं, ठेवून दिलं.
वहीत सत्ताविसापुढं जुनी नोंद आहे:
ठोक, तांबं, वजन इतकं, निम्मा ठसा.
त्याच्याखाली निळ्या शाईत लिहिलं,
चावलेली.