कोहारूचं पुडिंग

भरमा, तू विचारलंस, गेम कसा हाय,
घेऊ का, साडेतीनशे जातील.
थांब. मापून सांगते.
दिवसभर उद्यमबागेत व्हर्नियर धरून बसते मी,
व्हॉल्व्हच्या भोकाला केसभर फरक चालत नाही,
गेमलाही तसंच धरलंय.

कोहारू नावाची पोरगी. केस जांभळे, वांग्यासारखे,
डोळे निम्म्या तोंडाएवढे.
शाळेच्या फ्रिजमधलं तिचं पुडिंग कुणीतरी खाल्लंय
आणि ती अख्ख्या गावाची चौकशी करतेय.
एवढंच. खून नाही, भूत नाही.
म्हणजे एक भूत आहे, पण ते भातकुकरात राहतं
आणि वाफ सोडून साक्ष देतं.

चित्रं झकास. रागावली की टेबल उडतं,
लाजली की मागं फुलं पडायला लागतात,
आणि खोटं बोलणाऱ्याच्या कपाळावर घामाचा एकच थेंब,
सोललेल्या नारळाएवढा.
असा थेंब आपल्याकडं असता
तर निम्मी लग्नं ठरलीच नसती.

कोडी मात्र. काय सांगू.
पहिली चार बालवाडीची, किल्ली इथं, कुलूप तिथं.
पाचव्याला निंगाप्पाचा डबा उघडा राहिला
आणि भाकरी वाळून पापड झाली.
सात चपला, सात माणसं, कोण कुठं उभं होतं,
आणि उत्तर काय,
तर मुख्याध्यापकांचा केसांचा टोप!
टोपाचा पत्ताच कुठं दिला नव्हता.
हे कोडं नव्हे बा, ही फसवणूक.
जॉबवर असं केलं तर अख्खा लॉट परत येतो.

विनोद जपानीतनं इंग्रजीत आलेला.
तिथनं निंगाप्पा तो कन्नडमधनं माझ्यापर्यंत आणणार,
थर्ड शिफ्टला, कंप्रेसरच्या आवाजात.
‘म्हणजे बघ, त्यांच्यात त्या शब्दाला दोन अर्थ.’
‘कुठले?’
‘एक पुडिंग. दुसरा, ते काय म्हणता तुम्ही, सुम्ने?’
‘उगीच.’
‘हां. उगीच.’
विनोद खानापूरच्या फाटकापाशीच कुठंतरी मेला,
पण त्याच्या मयतीला आम्ही एवढे हसलो
की सुपरवायझर बॅटरी घेऊन बघायला आला.

आता खरी खोट.
दर वेळी तीन पर्याय.
खरं सांग. खोटं सांग. बावळटासारखं हस.
कुठलाही दाब, कोहारू तेच म्हणते.
सेव्ह करून, मागं येऊन, तिन्ही दाबून बघितले,
एकोणीस वेळा.
पुढचं वाक्य आधीच लिहून ठेवलेलं.

हे मला नवीन नाही.
उताऱ्यासाठी नाडकचेरीत गेले होते गेल्या साली,
खिडकीत मराठीत विचारलं,
मग मोडक्या कन्नडात,
मग नुसतीच हसले.
तिन्हीला एकच. नाळे बा.
उद्या ये.
भुतानं आत येऊ नये म्हणून
दारावर खडूनं लिहितात, तेच.

पण त्या खिडकीत बाण लुकलुकत नव्हता.
गेममध्ये लुकलुकतो, खाली उजव्या कोपऱ्यात,
बारका, पांढरा.
मी डबा धुऊन येईपर्यंत,
शिफ्ट सुटेपर्यंत,
अगसगेच्या बसमध्ये डुलकी लागून दचकून उठेपर्यंत
कोहारू तोंड अर्धं उघडं ठेवून थांबलेली असते
माझ्या उत्तरासाठी,
ज्याचा तिला काडीचा उपयोग नाही.

शेवट मी अजून बघितला नाही.
निंगाप्पा म्हणतो, घाईत उरकलाय,
झोपेत तिनंच खाल्लं असणार, पैज लाव.
मी लावली नाही.

तर घेऊ नको. किंवा घे.
नाहीतर रविवारी घरी ये, माझ्याच फोनवर बघ.
सातव्या कोड्याला अडलेय मी.
भातकुकर मघापासून काहीतरी सांगतोय,
दोनदा लांब, एकदा आखूड,
आणि वाफ वाचायला
आपल्याला कुठल्याच शाळेत शिकवलं नाही.